सैनिकाच्या जखमेचे दोन कागद

महाभारताच्या सभापर्वांत नारदमुनींनीं धर्मराजास विचारलेले प्रश्न ज्यांनीं मुळांतून वाचले असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. मयसभा नुकतीच बांधून झाली आहे, पांडव तेथें स्वस्थ बसले आहेत, आणि नारद येऊन कोश, दुर्ग, शेती, न्याय, सेना यांविषयीं प्रश्नामागून प्रश्न विचारीत आहेत. त्या लांबलचक मालिकेंत एके ठिकाणीं ते विचारतात कीं, तुझ्या कार्यासाठीं जे मेले किंवा आपत्तींत सांपडले, त्यांच्या बायकामाणसांचें पोषण तूं करतोस ना? पुष्कळ पुढें गेल्यावर ते पुन्हां विचारतात कीं, आंधळे, मुके, पांगळे, व्यंग असलेले आणि निराधार यांना तूं बापाच्या मायेनें सांभाळतोस ना? वरवर पाहणाऱ्यास ही पुनरुक्ति वाटेल. परंतु ती पुनरुक्ति नव्हे. पहिला प्रश्न ऋणाचा आहे आणि दुसरा दयाधर्माचा. ज्यानें राजासाठीं आपला देह झिजविला, त्याचें देणें राजाच्या डोक्यावर आहे. आणि ज्याचा देह दैवयोगानें अपुरा पडला, त्याचें रक्षण करणें हा राजाचा धर्म आहे.

आतां असा एक मनुष्य डोळ्यांसमोर आणावा कीं, जो सैन्यांत असतांना पायानें, डोळ्यानें, कानानें किंवा मनानें अधू होऊन घरीं परतला आहे. त्याच्या बाबतींत नारदांचे दोन्ही प्रश्न एकदमच लागू पडतात. तो धनको आहे आणि संरक्षणास पात्रहि आहे. आजचें शासन हे दोन प्रश्न दोन निरनिराळ्या कागदांच्या रूपानें विचारतें. एक कागद सैन्याच्या वैद्यकीय मंडळाचा, दुसरा मुलकी रुग्णालयाचा. हे दोन कागद म्हणजे दोन निरनिराळे दरवाजे आहेत, आणि ज्या घरांतून त्यांची गल्लत होते त्या घरास बहुधा दोन्ही दरवाजे बंद राहतात. या महिन्यांत या सदरांतून एवढीच एक गोष्ट उलगडून सांगावी असा विचार आहे.

शिकल्यासवरलेल्या कुटुंबांनीं या विषयांत मन कां घालावें, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर सोपें आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत तेरा तालुके आहेत, आणि घाटावरच्या व घाटाखालच्या गांवांतून सैन्यांत गेलेलीं मुलें आहेत. त्यांचे कागद इंग्रजींत असतात. ते वाचून सांगणारा मास्तर, बँकेंतला कारकून, वकील, डॉक्टर, कचेरींतला अधिकारी हे आपल्यासारख्याच घरांतून निघालेले असतात; आणि सैन्यांत अधिकारी म्हणून गेलेले पुत्र व कन्या आपल्याहि घरांत आहेत. तेव्हां हें ज्ञान परक्याच्या कामाचें आहे असें मानूं नये.

आमच्या जिल्ह्याशीं या विषयाचा एक जुना धागाहि जोडलेला आहे. सिंदखेड राजा हें जिजाऊसाहेबांचें जन्मस्थान. त्यांच्या पुत्रानें १६५९ सालीं प्रतापगडच्या पायथ्याशीं अफझलखानाचा निकाल लावल्यावर आपल्या लोकांची काय व्यवस्था केली, तें सभासदानें बखरींत नमूद करून ठेविलें आहे. लढाईंत जे पडले त्यांच्या मुलांस चालविलें. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन बांधून दिलें. आणि जखमी झालेल्यांस माणूस व जखम पाहून पंचवीसापासून दोनशें होनांपर्यंत रकमा दिल्या. येथें 'जखम पाहून' हें महत्त्वाचें आहे. लहान जखमेस लहान रक्कम, मोठीस मोठी, हें तत्त्व आजच्या टक्केवारीच्या मुळाशीं आहे, आणि तें आपणांस कोणा परकीयानें शिकविलेलें नाहीं. पुढें फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६७० सालीं जायबंदी शिपायांसाठीं पॅरिसमध्यें मोठें आश्रयस्थान उभारण्यास आज्ञा दिली. त्याच्या अकरा वर्षें आधीं सह्याद्रींत हा हिशेब झालेला होता.

इंग्रजी अमदानींत पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा केला. मेसोपोटेमिया व फ्रान्स येथून हजारों हिंदी शिपाई अधू होऊन परतले. त्यांना कांहीं हातचें काम शिकवावें म्हणून १९१७ सालीं गव्हर्नराची पत्नी लेडी विलिंग्डन हिनें मुंबईंत क्वीन मेरीच्या नांवानें औद्योगिक शाळा काढली. ती पुढें पुण्याजवळ खडकीस गेली. सैनिकांच्या हितासाठीं मध्यवर्ती मंडळ स्थापन झालें तेंहि त्याच युद्धाच्या काळांत. आजचें केंद्रीय सैनिक बोर्ड हें त्याचेंच वंशज होय. स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जाऊं लागला. आमचा जिल्हा तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. म्हणून आज आमच्या सैनिकाचा राज्यपातळीवरील संबंध पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाशीं येतो, आणि घराजवळचा दरवाजा म्हणजे बुलढाण्याचें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

या कार्यालयाचें काम पुष्कळांस नीट ठाऊक नसतें. तेथें माजी सैनिकाची नोंदणी होते, त्यास किंवा त्याच्या विधवेस ओळखपत्र मिळतें, पेन्शनच्या तक्रारी लिहून वर पाठविल्या जातात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे व कल्याण निधींतील मदतीचे अर्ज घेतले जातात. ध्वजदिनीं डब्यांत पडणारा पैसा याच कामीं लागतो. मात्र एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. हें कार्यालय भूदल, नौदल व वायुदल यांतील लोकांसाठीं आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें जे जवान मारले गेले, त्यांत आमच्या जिल्ह्याचे दोघे होते, एक मलकापूरचा व दुसरा लोणार तालुक्यांतला. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. तें दल गृहमंत्रालयाच्या हाताखालीं असल्यामुळें त्याचे पेन्शनचे नियम निराळे आहेत. रक्त सारखेंच सांडलें, तरी कागद निरनिराळ्या खिडकींतून निघतो. हें न कळल्यामुळें माणसें उगाच खेटे घालतात.

आतां पहिल्या कागदाकडे वळूं. सैनिक आजारी किंवा जखमी झाला म्हणजे सैन्याचें वैद्यकीय मंडळ त्यास तपासतें आणि दोन गोष्टी लिहितें. अपंगत्व शेंकडा किती, ही पहिली. आणि तें सैनिकी सेवेमुळें आलें अथवा सेवेमुळें वाढलें कीं काय, ही दुसरी. सामान्य कुटुंब पहिल्या गोष्टीकडे पाहतें, कारण आंकडा सर्वांस वाचतां येतो. वास्तविक सारें भवितव्य दुसऱ्या ओळीवर अवलंबून असतें. त्या ओळीप्रमाणें सैनिकांचे तीन वर्ग पडतात. युद्धांत किंवा शत्रूशीं, अतिरेक्यांशीं झालेल्या चकमकींत जायबंदी झालेला, हा पहिला. चकमक नव्हे, परंतु सेवेच्या कामांतच ज्याला इजा किंवा व्याधि जडली, तो दुसरा. आणि ज्याच्या व्याधीचा सेवेशीं संबंध नाहीं असें लिहिलें गेलें, तो तिसरा. या तिसऱ्या वर्गांतील मनुष्य मुदतीपूर्वीं घरीं पाठविला गेला असेल, तर त्यास अपंगत्वाचें पेन्शन मिळत नाहीं, आणि कधीं कधीं 'माजी सैनिक' ही संज्ञाहि मिळत नाहीं.

म्हणून त्या ओळीशीं भांडण्याचा अधिकार कायद्यानें ठेविला आहे, आणि न्यायालयांनीं सैनिकाची बाजू पुष्कळ उचलून धरली आहे. सर्वोच्च न्यायालयानें २ जुलै २०१३ रोजीं धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, भरतीच्या वेळीं ज्याच्या कागदांवर कोणताहि रोग नोंदलेला नाहीं, तो सुदृढ होता असेंच गृहीत धरावें. पुढें रोग उद्भवला तर तो सेवेमुळें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, शिपायावर नाहीं. १० डिसेंबर २०१४ रोजीं राम अवतार यांच्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. पन्नासांहून कमी टक्के असल्यास ते पन्नास धरावे, पन्नास ते पंचाहत्तर असल्यास पंचाहत्तर, आणि त्यावर शंभर, अशी जी पेन्शन मोजण्याची सवलत होती, ती सेवेची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसहि लागू आहे. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, आणि जे अपंगत्वानंतरहि सेवेंत राहून निवृत्त होतात त्यांच्यासाठीं निराळी संज्ञा व निराळी व्यवस्था त्यांत आहे. तेव्हां निवृत्तीची तारीख कोणती, हें प्रथम पाहावें आणि मगच कोणता नियम लागू होतो तें बोलावें. दाद मागण्याचा क्रम असा कीं, प्रथम खात्याकडे पहिलें अपील, मग दुसरें, आणि तेथेंहि न भागल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या या न्यायाधिकरणाचें एक पीठ मुंबईस आहे.

पेन्शन हें केंद्राचें देणें झालें. राज्य काय देतें, हें आतां या तीन वर्गांच्या क्रमानें सांगतां येईल.

पहिल्या वर्गांतील, म्हणजे युद्धांत वा चकमकींत जायबंदी झालेल्या महाराष्ट्राच्या अधिवासी सैनिकास राज्य शासन एकरकमी अनुदान देतें. २०१९ सालच्या वाढीनंतर त्याचें प्रमाण असें ठरलें: एक ते पंचवीस टक्के अपंगत्वास २० लाख रुपये, सव्वीस ते पन्नास टक्क्यांस ३४ लाख, आणि एकावन्न ते शंभर टक्क्यांस ६० लाख. त्याच वेळीं वीरमरण आलेल्याच्या कुटुंबासाठींची रक्कम १ कोटि करण्यांत आली. त्यापूर्वीं, २०१८ सालीं, हेच आंकडे पांच लाख, साडेआठ लाख, पंधरा लाख व पंचवीस लाख असे होते. म्हणजे एका वर्षांत चौपट वाढ झाली. यावरून इतकेंच शिकावें कीं, हे आंकडे बदलत असतात. ऐकीव माहितीवर न विसंबतां सैनिक जखमी झाला त्या तारखेस कोणता निर्णय लागू होता, तें जिल्हा कार्यालयांत विचारून घ्यावें.

पहिल्या व दुसऱ्या, अशा दोन्ही वर्गांस राज्याच्या नोकरींत अग्रक्रम आहे. गट क व गट ड यांतील सरळसेवेच्या पदांत १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठीं समांतर आरक्षणानें ठेवलेल्या असतात. त्यांतहि युद्धकाळांत किंवा युद्ध नसतांना सैनिकी सेवेमुळें ज्यास अपंगत्व आलें, त्यास प्रथम प्राधान्य दिलें जातें. त्याच्यासाठीं वयोमर्यादा पंचेचाळीस वर्षांपर्यंत शिथिल आहे. आणि अपंगत्वामुळें तो स्वतः नोकरीस अयोग्य झाला असेल, तर त्याच्यामागून त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस ही संधि मिळूं शकते. हें शेवटचें कलम एकत्र कुटुंबांनीं फार काळजीपूर्वक वाचावें. 'एका व्यक्तीस' म्हणजे एकदांच. पुतण्यानें घाईनें तो दाखला वापरावा आणि सैनिकाची स्वतःची कन्या दोन वर्षांनीं पदवीधर होऊन रिकाम्या हातीं राहावी, असें होऊं नये. घरांतल्या वडील माणसांनीं हा निर्णय सैनिक व त्याची पत्नी यांस समोर बसवून करावा.

माजी सैनिक म्हणून नोंद असलेल्या सर्वांस कांहीं सामान्य सवलती आहेत. २०२० सालीं राज्यानें माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांच्या एका घरास मालमत्ता-करांतून माफी देण्याचा निर्णय केला. घर नगरपालिकेच्या हद्दींत असो वा ग्रामपंचायतीच्या. परंतु ही माफी आपोआप लागत नाहीं, जिल्हा कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांत संरक्षण दलांतील व माजी सैनिकांच्या मुलांसाठीं कांहीं जागा राखीव असतात. केंद्राच्या प्राधान्यक्रमांत तर वीरमरण आलेल्यांच्या मुलांखालोखाल युद्धांत अपंग होऊन सेवेंतून परतलेल्यांचीं मुलें येतात, आणि सेवेमुळें अपंग झालेल्यांचीं मुलें त्यानंतर. मुलगी बारावीस असतांना बापाचा तो एक दाखला हातांत असणें व नसणें, यांत केवढें अंतर आहे, हें आईबापांस सांगावयास नको.

येथवर पहिला कागद झाला. दुसरा कागद मुलकी आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत, आणि त्यांत मानसिक आजारहि आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास शासकीय नोकरींतील चार टक्के राखीव जागा व इतर सवलती मिळूं शकतात. राज्य परिवहनाच्या एस.टी. बसमध्यें भाड्यांत पाऊण सवलत याच कागदावर आहे, आणि अपंगत्व अधिक तीव्र असल्यास सोबत्यासहि निम्मी. या कागदासाठीं संगणकावरून अर्ज करून जिल्हा रुग्णालयांत तपासणीस जावें लागतें, व तेथून यू.डी.आय.डी. या नांवानें ओळखलें जाणारें कार्ड मिळतें.

या दोन कागदांत पुष्कळांची गल्लत होते ती अशी. सैन्याच्या मंडळानें सत्तर टक्के लिहिलें आहे, तेव्हां एस.टी.त तेंच दाखवूं, असें सैनिक म्हणतो. वाहक तें मानीत नाहीं, आणि सैनिक अपमान समजून घरीं बसतो. उलट कोणी जिल्हा रुग्णालयाचें कार्ड घेऊन राज्याचें युद्धजखमीचें अनुदान मागावयास जातो. तेथें तें चालत नाहीं. दोन्ही कागदांवरील टक्के सारखेच असतील असेंहि नाहीं, कारण मोजण्याच्या रीति निराळ्या आहेत. मुलकी कागद 'कशामुळें' हें विचारीतच नाहीं. तो फक्त 'किती' हें विचारतो. म्हणूनच वर सांगितलेल्या तिसऱ्या वर्गांतील, ज्याला सैन्यानें नकार दिला त्या माणसासहि दुसरा दरवाजा खुला असतो. नारदांचा दुसरा प्रश्न त्याच्यासाठींच आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. घाटाखालच्या एका गांवचा मुलगा, धावण्यांत पहिला, गणितांत बेताचा. सैन्यांत गेला. आठ वर्षांनीं त्यास घरीं पाठविलें. रात्रीं झोप नाहीं, एकटाच बोलतो, मोठा आवाज झाला कीं कोपऱ्यांत जाऊन बसतो. त्याबरोबर इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा व थोडी एकरकमी रक्कम आली. थोरल्या भावानें पैसे शेतांत घातले आणि कागद सातबाराच्या उताऱ्यांबरोबर पेटींत ठेवून कुलूप लावलें. त्या भावास आम्ही दोष देत नाहीं. घरांत उजवावयाच्या दोन बहिणी होत्या, आणि 'वेडा' हा शब्द गांवांत फुटूं नये एवढीच त्याची धडपड होती. कोणी विचारलें तर धाकटा सुट्टीवर आला आहे असें तो सांगे. पुढें पुढें लोकांनीं विचारणेंच सोडलें.

अकरा वर्षांनीं त्याच घरांत एक पदवीधर सून आली. वाटणीचे कागद शोधतांना तिच्या हातीं तो गठ्ठा लागला. तिनें तो वाचला आणि मागच्या पडवींत बसून सासऱ्यांस विचारलें, "मामंजी, यांत काकांना चाळीस टक्के अपंगत्व लिहिलें आहे, पण तें नोकरीमुळें नव्हे असेंहि लिहिलें आहे. खालीं अपील करण्याची मुदत दिली होती. अपील केलें होतें का?" मामंजींनीं मान खालीं घातली. भरतीच्या वेळच्या कागदावर मुलगा पूर्ण निरोगी असल्याची नोंद होती. म्हणजे ज्या तत्त्वावर न्यायालयानें दुसऱ्या एका शिपायास न्याय दिला, तें येथेंहि मांडतां आलें असतें. परंतु मांडावयास कोणी नव्हतें.

त्या सुनेनें आम्हांस कागद दाखविले, आणि एका वकिलाच्या साह्यानें उशीर माफ व्हावा अशा विनंतीसह अपील गेलें आहे. त्याचा निकाल काय लागेल, तें लागेल. परंतु एक गोष्ट आजच ठरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं तरसेम सिंग यांच्या प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, पेन्शनसारखा हक्क उशिरानें मागितला तरी तो बुडत नाहीं, मात्र मागची थकबाकी सामान्यतः दाव्यापूर्वींच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे निकाल अनुकूल लागला तरी आठ वर्षांचे पैसे लज्जेपायीं गेले ते गेलेच. आणि त्याहून मोठें नुकसान पैशांत मोजतां येण्याजोगें नाहीं. कारण त्या अकरा वर्षांत त्याच्यावर नीट उपचारहि झाले नाहींत. मुलकी कार्ड मात्र या सुनेनें त्यास चार महिन्यांत मिळवून दिलें. तो आतां तिच्याबरोबर एस.टी.नें तालुक्याच्या दवाखान्यांत जातो, औषध घेतो, आणि परततांना खिडकीजवळची जागा मागतो.

व्यंग दिसणारें असो वा न दिसणारें, तें झांकून ठेवण्याची आपल्या घरांची रीत फार जुनी आहे. सैनिकाच्या बाबतींत तिच्यासाठीं कांहींच आधार नाहीं. ज्याचा पाय सुरुंगानें गेला त्यास आपण हार घालतों. ज्याचें मन गेलें त्यास मागच्या खोलींत ठेवतों. दोघांची सेवा एकच होती.

पैसा व दाखला मिळाल्यावर काम संपलें, असेंहि समजूं नये. पुण्याच्या वानवडींत १९४४ पासून सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीस १९७४ पासून कंबरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. या संस्थांचा सर्वांत मोठा धडा हा कीं, अधू झालेल्या माणसास बसवून खाऊं घालणें ही त्याची सेवा नव्हे. सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कंबरेखालीं लुळे झाले. पोहणें त्यांनीं उपचार म्हणून आरंभिलें, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्यांत भारतास पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. सरकारनें त्यांस पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे शेचाळीस वर्षांनीं. सर्वच पेटकर होत नाहींत हें खरें. परंतु घरांतील हिशेब लिहिणें, दुकानाचा गल्ला सांभाळणें, मुलांस शिकविणें, रोपवाटिका करणें, यांपैकीं कांहींतरी प्रत्येकास जमतें. त्याच्या हातून काम काढून घेणें म्हणजे त्याची दुसरी जखम होय.

आतां संसारी माणसांच्या सोयीसाठीं कांहीं सूचना. सैनिकाचें सेवा-पुस्तक, पेन्शनचा आदेश, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि भरतीच्या वेळचे कागद यांच्या तीन तीन प्रती काढाव्या. एक घरांत, एक विवाहित बहिणीकडे किंवा विश्वासू आप्ताकडे आणि एक संगणकावर ठेवावी. पत्नीचें नांव व जन्मतारीख सैन्याच्या नोंदींत, आधारकार्डावर व बँकेंत एकच आहे कीं नाहीं तें पाहावें. माहेरचें नांव एकीकडे व सासरचें दुसरीकडे, यामुळें कितीएक विधवांचें पेन्शन महिनोन्महिने अडतें. दरवर्षीं हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. नकाराचें पत्र आलें तर त्यावरील तारीख लाल शाईनें अधोरेखित करावी आणि अपिलाची मुदत भिंतीवरच्या पंचांगांत लिहून ठेवावी. अर्जाची पोंच घेतल्याशिवाय खिडकी सोडूं नये. आणि हीं कामें करून देतों म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थास उंबरठ्याबाहेर ठेवावें. जिल्हा कार्यालयाचें मार्गदर्शन फुकट असतें.

ज्यांचीं मुलें २०२२ पासून अग्निपथ योजनेनें अग्निवीर म्हणून गेलीं आहेत, त्यांनीं तर अधिक सावध असावें. अग्निवीरास नेहमींचें पेन्शन नाहीं. अपंगत्व आल्यास केंद्राकडून एकरकमी अनुदान ठरलें आहे: शंभर टक्क्यांस ४४ लाख, पंचाहत्तर टक्क्यांस २५ लाख आणि पन्नास टक्क्यांस १५ लाख रुपये. परंतु येथेंहि तीच ओळ आडवी येते. अपंगत्व सेवेमुळें आलेलें पाहिजे. तेव्हां मुलास पहिल्या सुट्टींत घरीं आल्यावर एवढें सांगून ठेवावें कीं, बाळा, लहानशी इजा झाली तरी ती त्याच दिवशीं नोंदवून घे. मर्दपणाच्या भरांत लपवूं नकोस.

कोणी स्वाभिमानी गृहस्थ म्हणतील कीं, मुलानें देशासाठीं रक्त दिलें, आतां त्याचे पैसे कसले मागावयाचे? ही भावना आम्ही जाणतों, व तिच्यापुढें नमतोंहि. परंतु सावकाराचें देणें फेडून घेणें यास भीक म्हणत नाहींत. कौटिल्यानेंहि राजाच्या कामांत मेलेल्यांच्या बायकामुलांस भत्ता व वेतन मिळावें असें लिहिलें, तें दानधर्माच्या प्रकरणांत नव्हे, सेवकांच्या वेतनाच्या प्रकरणांत. जागा कोणती निवडली, यावरून ग्रंथकाराचें मत कळतें.

येत्या ७ डिसेंबरास आपल्या दारीं, शाळेंत किंवा कचेरींत ध्वजदिनाचा डबा येईल. त्यांत यथाशक्ति अवश्य घालावें. आणि त्या आठवड्यांत एक काम आणखी करावें. आपल्या आळींत, आपल्या मूळ गांवीं, आपल्याकडे काम करणाऱ्या माणसांच्या नात्यांत सैन्यांतून मुदतीपूर्वीं परतलेला कोणी आहे काय, याची चौकशी करावी. असल्यास त्याचे कागद मागून घ्यावे, चष्मा लावून दुसरी ओळ वाचावी, आणि तिचा अर्थ त्याच्या घरच्यांस मराठींत समजावून सांगावा. त्यास लागणारा वेळ अर्ध्या घटकेहून अधिक नाहीं.